डबलचे शेक

"कुठपर्यंत?"

घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. घनसावंगीच्या गुरांच्या दवाखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते आणि बॅग घेऊन खोली बघायला त्यांच्या दारात उभी होते. नाव, गाव, आडनाव, लग्न झालं का, यातलं काहीएक न विचारता त्यांनी एवढंच विचारलं. मला नीटसं कळलं नाही. मी म्हटलं, "बदली होईपर्यंत."

"मंग बसा," ते म्हणाले, आणि आत वळून बायकोला सांगितलं, "ऐकलं का, एक सीट वाढली."

आयुष्यभर ते एस.टी.त कंडक्टर होते, हे मला संध्याकाळी काकूंकडून समजलं. तोवर काहीतरी गडबड आहे अशी माझी समजूत झाली होती. कारण चहा देताना त्यांनी मला खिडकीशी बसवलं, आणि नंतर एक शेजारीण आली तर तिला म्हणाले, "जरा पुढं सरका, मागं जागा पडली हाय."

ते स्वतः कधी बसत नसत. पेपर उभ्यानं वाचत, चहा उभ्यानं घेत, भिंतीला खांदा लावून तासन्‌तास गप्पा मारत. काकू म्हणायच्या, "हालत्या गाडीत उभं राहून जिंदगी गेली. थांबलेल्या घरात बसायचं कसं ते यांना येतच न्हाई." जेवायला तेवढे ते पाटावर टेकत, तेही असे की कोणी हाक मारली तर तसंच उठता यावं. विचार करायला लागले की उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आपोआप मिटत-उघडत. हातात तिकिटाचा चिमटा नसला तरी बोटांना तो असायचा.

त्यांचं एक बोलणं मी पुढं आयुष्यभर वापरलं. मी नवी डॉक्टर, पुस्तकातली भाषा तोंडात. शेळीला काय झालं, गाय का आटली, हे मी लांबलचक समजावून सांगायला लागले की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बाई, एवढी मोठी नोट देऊ नका. सुट्टं करून सांगा." दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलायला मला कॉलेजनं शिकवलं नाही, ते त्या वाक्यानं शिकवलं.

त्यांच्याकडे डबल नावाचं कुत्रं होतं. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांची मुक्कामी गाडी घनसावंगीला असायची. तिच्या चाकांच्या सावलीत हे पिल्लू येऊन झोपायचं. पिवळट रंगाचं, एक कान मोडलेलं, गावठी. ते भुंकायचं तेव्हा नेमकं दोनदाच भुंकायचं आणि गप्प व्हायचं. दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा. म्हणून त्याचं नाव डबल. निवृत्त झाले तेव्हा सत्काराचा नारळ आणि शाल एका हातात आणि डबल दुसऱ्या बगलेत, असे ते घरी आले होते. काकूंनी त्या दिवशीच कायदा केला. कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर. डबलनंही तो कायदा पाळला. पुढचे दोन पाय उंबऱ्याला टेकवून तो घरात बघत पडायचा, नखसुद्धा आत येऊ द्यायचा नाही.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, डबलच्या पाण्याच्या वाटीत मला रक्ताची तार दिसली. त्याचं तोंड उघडून पाहिलं. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी फुलकोबीच्या तुकड्यासारखी गुलाबी गाठ वाढली होती. दोन दात हलत होते. मी तुकडा काढून परभणीला माझ्या कॉलेजात तपासायला पाठवला. उत्तर आलं ते मला जे वाटलं होतं तेच होतं.

काका भिंतीला टेकून उभे होते. मी सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला. "सुट्टं."

"कॅन्सर आहे," मी म्हटलं. "दुसरीकडे पसरणारा नाही, पण जबड्याचं हाड खात जातो. पुढचा जबडा कापून काढला तर जगेल."

"न्हाई कापला तर?"

"हळूहळू खाणं बंद होईल."

त्यांची बोटं मिटत-उघडत राहिली. मग म्हणाले, "तिसरं काही?"

तिसरं म्हणून मी जे सांगितलं ते खरंतर बोलायचं म्हणून बोलले होते. परदेशात अशा गाठींना माणसांसारखाच किरणांचा उपचार देतात आणि ही जात त्याला चांगली दाद देते, असं मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे कुत्र्यांसाठी असं काही नाही, हेही मी सांगितलं.

"किरणं म्हणजे शेक ना? माणसं लाईट म्हणत्यात ते?"

"हो, तेच."

"माणसांना कुठं देत्यात?"

"औरंगाबादला एका दवाखान्यात मशीन आहे."

"तिथपर्यंत गाडी जाती," काका म्हणाले. विषय त्यांच्यापुरता मिटला.

गावात ही गोष्ट चहाच्या हॉटेलातून फिरली. "कंडक्टर कुत्र्याला लाईट दाखवून राह्यले." कोणी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "बाई, आमच्या बैलालाबी न्यायचा का मुंबईला?" काका यातल्या कशावर रागावले नाहीत. घरात मात्र काकू रागावल्या. "माझे गुडघे दुखून राह्यले एवढ्या वर्षांपासून. त्याला औरंगाबाद दिसलं न्हाई कधी."

"चला मंग. एकाच फेरीत दोन्ही कामं."

"कुत्र्यासंग? मी?" काकू म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

पहिल्यांदा आम्ही दोघंच गेलो, डबलला न घेता. दवाखान्यातले डॉक्टर मध्यमवयीन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले. कोणा पेशंटचे नातेवाईक समजून त्यांनी आम्हाला बसा म्हटलं आणि पेशंटचं वय विचारलं. काकांनी सांगितलं. "एवढंच?" म्हणून डॉक्टर कळवळले, तेव्हा मला खरं सांगणं भाग पडलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"इथं माणसांना नंबर मिळत नाही, बाई. बाहेरची रांग बघितलीत ना?"

मी काही बोलणार तेवढ्यात काका म्हणाले, "बराबर हाय साहेब. सीट फुल्ल असली तर आमी उभ्यानं येऊ."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सुट्टं करून सांगितलं. आठवड्यातून एकदा, काही आठवडे. सगळी माणसं आटोपल्यावर, मशीन बंद करायच्या आधी. भूल मी देईन, चादर आमची, खोली पुसून काढायचं काम आमचं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी गाठीबद्दल एक प्रश्न विचारला, मग दुसरा. दमलेल्या माणसाला आपल्या विद्येचं कुतूहल अजून शिल्लक आहे हे कळलं की चेहऱ्यावर जो उजेड येतो, तो मी त्या दिवशी पाहिला. शेवटी ते म्हणाले, "बाहेर बसलेल्यांना विचारा. मशीन त्यांचं आहे. एकानं जरी नको म्हटलं, तरी नाही."

बाहेर लांब व्हरांडा होता. बाकांवर माणसं बसलेली, गळ्यावर, गालांवर, छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा. कुठं शेक द्यायचा त्याच्या त्या खुणा. धुवायच्या नाहीत म्हणून बरेच जण तोंडाला फडकं गुंडाळून बसले होते. काका व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले आणि गाडीत बोलतात तशा आवाजात बोलले. आपलं कुत्रं आहे, त्याला हाच आजार आहे, सगळ्यांचं झाल्यावर त्याला शेक द्यायचा आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा.

कोणी हसलं. एक म्हातारेबुवा म्हणाले, "आणा की. मुकं जनावर हाय." एका बाईनं कुत्रं चावतं का ते विचारलं. आणि मग शेवटच्या बाकावरचा एक माणूस उठला. चाळिशीचा असेल. पांढरा सदरा, पायांत मातीनं भरलेल्या चपला.

"माझी हरकत हाय," तो म्हणाला. "केदारखेड्याहून बायकोला घेऊन येतो मी. रोज तिचं तोंड बघतो. अन् त्याच टेबलावर तुमी कुत्रं झोपवणार?"

काका म्हणाले, "बराबर हाय." आणि पिशवी उचलली.

तेव्हा त्या माणसाच्या शेजारची बाई बोलली. डोक्यावरून घेतलेला पदर तिनं तोंडावर दाबून धरला होता आणि शब्द जड येत होते. "कुठं झालं त्याला?"

काकांनी स्वतःच्या खालच्या जबड्यावर बोट ठेवलं. बाईनं पदर जरा खाली केला. डाव्या गालावर सूज होती आणि तिच्याभोवती जांभळी चौकट. "माझ्यावाणीच," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "येऊ द्या. आपलं झाल्यावर येईल ते. आपलं काय घेतं?"

नवरा भिंतीकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झालं की काका. बाई हो म्हणाली."

"ते न्हाई म्हणाले ना. मला इचारायचं ते त्यांना इचारलं होतं."

पुढच्या आठवड्यात ते एकटे पुन्हा औरंगाबादला गेले. त्या माणसाच्या शेजारी उभे राहिले, त्याला पुन्हा विचारलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "हिनं सांगितलं ते सांगितलं. आणा." एवढ्यासाठी काकांनी दिवसभराची फेरी केली होती.

डबलला घेऊन निघालो तो दिवस मला चांगला आठवतो. गाडीवरचा कंडक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. काकांनी डबलचं तिकीट मागितलं. तो लाजला. "काका, तुमच्याकडून तिकीट घेऊ मी?"

"माझं न्हाई, याचं."

"जाऊ द्या ना. कोण बघून राह्यलं?"

"फुकट नेलं तर अंबडला कोणीबी उठून म्हणेल, उतरवा हे कुत्रं. तिकीट असलं म्हणजे हक्क असतो," काका म्हणाले. तिकीट त्यांनी डबलच्या पट्ट्यात अडकवलं. अंबडला खरोखरच एका प्रवाशानं कुरकूर केली, आणि कंडक्टरनं पट्ट्याकडे बोट दाखवलं. डबल दोनदा भुंकला. गाडीत हसू फुटलं आणि जालन्यापर्यंत कोणी काही बोललं नाही.

शेक देणारे टेक्निशियन एक भाई होते, दाढी राखलेले, फार मवाळ बोलणारे. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला आत घेतलं. आमची चादर टेबलावर अंथरली. मी भूल दिली. डबलची मान सैल पडली तशी त्याच्या जबड्याखाली उशी सरकवली आणि डॉक्टरांनी स्वतः मशीनचं डोकं नीट रोखलं. मग सगळ्यांनी बाहेर जायचं होतं.

काका हलेनात.

"चाचा, अंदर कोई नहीं रह सकता. मैं भी नहीं," भाई म्हणाले.

"गाडीत सीट एकटी सोडून मी कधी उतरलो न्हाई."

"मालूम है. मगर ये गाडी ऐसीच है."

मी त्यांचा दंड धरून बाहेर आणलं. जाडजूड दार सरकत बंद झालं. जाड काचेची एक लहानशी खिडकी होती, तिला कपाळ टेकवून ते उभे राहिले. आत पिवळ्या चादरीवर एवढंसं कुत्रं आणि त्याच्यावर झुकलेलं ते अवजड यंत्र. आवाज नाही, उजेड नाही, काही दिसत नाही. काका पुटपुटले, "हे लाईट म्हणत्यात, पण दिसत तर काहीच न्हाई."

डबल शुद्धीवर येऊन धडपडत उभा राहिला तेव्हा व्हरांड्यात केदारखेड्याची ती बाई होती. त्यांची गाडी निघून जाण्याची वेळ झाली होती, तरी ती थांबली होती. तिनं डबलच्या मोडक्या कानावरून हात फिरवला. नवरा दूर खांबाशी उभा होता, चुळबुळत.

पुढच्या फेऱ्यांमध्ये व्हरांड्यातली माणसं डबलला ओळखू लागली. म्हातारेबुवा त्याच्यासाठी बिस्किटं आणायचे. एक शाळेतल्या बाई होत्या, त्या म्हणायच्या, "हा येतो म्हणून आठवडा कळतो." काका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून प्रत्येकाची चौकशी करत. कोण कुठून येतं, कुठल्या गाडीनं, कुठं बदलतं, हे त्यांना दोन फेऱ्यांत पाठ झालं. कोणाला ते सांगत, "तुमी त्या गाडीनं येऊ नका, ती सगळ्या फाट्यांवर थांबती. जल्दी पोचायचं तर ही घ्या."

मध्येच डबलचं तोंड आलं. शेकाचा तो परिणाम अपेक्षितच होता, पण तो पाण्यालाही तोंड लावेना. एका दुपारी मी दवाखान्यातून परत आले तर उंबऱ्यावर डबल नव्हता. आत पाहिलं. काकू स्वयंपाकघरात पाय पसरून बसलेल्या, त्यांच्या मांडीशी डबल, आणि त्या ज्वारीच्या पातळ कण्या बोटावर घेऊन फुंकर मारून त्याच्या जिभेवर ठेवत होत्या.

"काय बघून राह्यल्या, बाई?" त्या म्हणाल्या. "दारात माश्या बसत्यात त्याच्या तोंडावर."

त्यानंतर उंबऱ्याचा कायदा पुन्हा कोणी काढला नाही.

डबलचा शेवटचा शेक झाला त्या दिवशी काकांनी व्हरांड्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "एक सीट कमी हाय."

भाईंनी सांगितलं, "केदारखेडावाले बंद हो गए, चाचा. पिछले हफ्ते से. बहोत लोगां आधे में छोड़ देते. मुँह सूजता, छाले आते, तो समझते बीमारी बढ़ गई."

काकांनी डॉक्टरांना गाठलं. अर्ध्यात सोडलं तर काय होतं? डॉक्टर म्हणाले, "सोसलेलं सगळं वाया जातं. गाठ परत येते. आत्ता आली, अगदी या आठवड्यात आली, तर मी ओढून नेऊ शकतो."

परतीच्या गाडीत ते दांड्याला धरून उभेच होते. मी खिडकीशी, डबल माझ्या पायाशी. जालन्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "बाई, रविवारी सुट्टी हाय ना तुमाला?"

भोकरदनच्या गाडीनं आम्ही केदारखेड्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शिवारात कापसाची वेचणी चालू होती. घर विचारत गेलो. ओसरीत बाजेवर ती पडून होती. शेजारी वाटीत दुधात कुस्करलेली भाकरी, तशीच, वर साय धरलेली. आम्हाला पाहून ती उठायला लागली. कोणीतरी शेतात निरोप दिला असावा, कारण थोड्या वेळानं नवरा आला. अंगाला कापसाचे धागे चिकटलेले.

"कशाला आल्ते?" त्यानं विचारलं. रागानं नाही, थकून.

मी सांगायला लागले. शेकानं तोंड सोलणारच, ते भरून येतं, मध्ये थांबवलं तर आजार उलटतो. तो ऐकून घेत म्हणाला, "तुमी गुरांच्या डॉक्टर ना?" मी काकांकडे पाहिलं.

"बरी होती ती," तो म्हणाला. "गाठ होती, पण खात होती, पीत होती, वेचायला येत होती. शेकानं तिचं हे करून टाकलं. पाणी गिळंना. मी रोज नेत होतो तिला, मामा. रोज नेऊन जाळून आणत होतो."

काका खाली बसले. बाजेशेजारी, जमिनीवर, मांडी घालून. मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. डबलला त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याचा खालचा ओठ हलकेच खाली केला.

"ताई, बघा. याचंबी असंच सोललं होतं. आमच्या घरच्यांनी बोटानं कण्या चारल्या थंड करून. अजून लाल हाय, पण गाठ बघा. किती राह्यली?"

बाईनं वाकून पाहिलं. फुलकोबीच्या तुकड्याएवढी गाठ बोराच्या बीएवढी उरली होती. जबड्यावरचे केस झडून कातडी उघडी पडली होती. तिनं बराच वेळ पाहिलं. मग आपली वाटी उचलून खाली ठेवली. डबलनं दुधाला जीभ लावली, दचकून मागं घेतली, थांबला, आणि पुन्हा लावली.

"दुखतंय त्याला," ती म्हणाली.

"दुखतंय."

"तरी खाऊन राह्यला."

नवऱ्याचा आवाज चढला. "कुत्र्याची अन् हिची बराबरी करता का, मामा?"

"न्हाई," काका म्हणाले. "म्हणूनच आलो. कुत्र्याचं पुरं झालं अन् बाईचं अर्धं राह्यलं. हे मला बघवलं न्हाई."

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. डबलनं वाटी चाटून पुसून काढली. बाई पदरानं डोळे पुसत नव्हती, रडतही नव्हती. ती फक्त त्या रिकाम्या वाटीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "सकाळची पहिली गाडी कितीला हाय?"

काकांनी वेळ सांगितली. कुठं बदलायची तेही सांगितलं. "यांना वेचणी हाय," ते म्हणाले. "मी येतो तुमच्यासंग. मला काय काम?"

"वेचणी पडू द्या," नवरा म्हणाला. "मीच नेतो." आणि मग, "तुमी जालन्याला भेटा. तिथं गाडीत चढताना लई रेटारेटी होती."

उरलेले सगळे दिवस काका रोज सकाळी जालन्याच्या स्टँडवर असत. तिला खिडकीशी जागा धरून देत आणि गाडी सुटली की परत येत. घरी येऊन काकूंना सांगत, "गेली." काकू रोज विचारत, "पाणी गिळती का?" एके दिवशी ते म्हणाले, "आज चहा घेतला तिनं स्टँडवर. बशीत ओतून." काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

तिचे शेक पुरे झाले. गाल आत गेला, तोंड पूर्वीइतकं उघडेना, पण गाठ गेली ती परत आली नाही.

त्यानंतर कोणी मध्येच यायचं बंद झालं की भाई एस.टी.च्या ड्रायव्हरकडून निरोप पाठवत, आणि काका डबलला घेऊन त्या गावाला जात. अंकुशनगरच्या कारखान्यावरचा एक फिटर असा परत आला. सगळीकडे असं झालं नाही. एका घरातून त्यांना दारातूनच घालवून दिलं. एक तरुण माणूस त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा गेला, सगळं सोसलं, आणि तरी उन्हाळ्याच्या आत वारला. ते कळलं त्या दिवशी काका अंगणात संध्याकाळपर्यंत उभे होते. काकू म्हणाल्या, "तुमी काय देव हाव का?"

"न्हाई. पण मी म्हणलो होतो त्याला, चल म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते त्या घरी बसायला गेले. घरच्यांनी त्यांना काही बोल लावला नाही, पाणी दिलं. ते परत आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मग पुन्हा निरोप आला, आणि पुन्हा गेले.

डबलच्या जबड्यावर केस परत आले ते पांढरे. म्हाताऱ्यानं दाढी राखावी तसा तो दिसायचा. चांगली काही वर्षं जगला. शेवटी त्या आजारानं नाही, नुसत्या वयानं गेला, हिवाळ्यात, अंगणातल्या उन्हात पडल्यापडल्या. काकांनी घरामागं खड्डा खणला. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या, बाई." काकूंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. विचारलं तर म्हणाल्या, भूक नाही. गावात कळलं तर लोक हसतील म्हणून त्यांनी दारही लोटून घेतलं होतं. कुत्र्याचं सुतक पाळतात म्हणाले असते.

गावातल्या कोणी विचारलं नाही. पण ड्रायव्हर-कंडक्टरांच्या तोंडून बातमी अंबडला गेली, तिथून जालन्याला, तिथून भोकरदनच्या गाडीवर.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. मी दार उघडलं. केदारखेड्याची ती दोघं होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती काकूंजवळ जाऊन बसली आणि तिनं काकूंचा हात हातात घेतला. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या.

नवऱ्यानं पाय धुतले. गाठोडं सोडलं. भाकरी आणि पिठलं होतं, बिनमिरचीचं. शेक झाल्यापासून तिला तिखट सोसत नव्हतं, म्हणून त्यांच्या घरात आता सगळेच तसं खात.

घरातलं माणूस गेलं की दुसऱ्यांनी रांधून आणायचं आणि पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. कडू घास म्हणतात त्याला. तो माणूस भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावत होता तेव्हा काकूंच्या ते ध्यानात आलं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, कुत्र्याचा कुठं कडू घास असतो?"

त्यानं तुकडा काकांपुढं धरला.

"तुमी आमच्या दारी आल्ते," तो काकांना म्हणाला. "मला आज यावं वाटलं."

काकांनी तोंड उघडलं आणि घास घेतला. मग केदारखेड्याच्या त्या माणसानं दुसरा तुकडा मोडला आणि काकूंपुढं धरला.